ढोलक येत नाही अशी जागा

“पाठीला इचारायचं,” असं म्हणून चाचा सरळ जमिनीवर उताणे पडायचे. हात छातीवर, डोळे मिटलेले, चपला शेजारी जोडून ठेवलेल्या. अनोळखी माणसाला वाटावं, म्हातारा गेला. पाच-सात मिनिटांनी एक डोळा उघडायचा आणि निकाल लागायचा. “हाव, चालतंय.” नाहीतर, “नक्को. उठा इथून.”

लातूरला आमच्या गल्लीत त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. एका कोपऱ्यात कापसाचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात पिंजायचं यंत्र आणि मध्ये खोळ पसरून, तोंडात दोरा धरून, वीतभर लांबीच्या सुईने टाके घालणारे चाचा. त्यांच्या भुवयांवर नेहमी कापूस असायचा. त्यामुळे ते रागावले तरी राग दिसायचा नाही.

त्या वर्षांत तुम्ही शिकायला लातूरला उतरला असाल, तर तुम्हाला ती गल्ली ओळखीची वाटेल. प्रत्येक खांबावर क्लासची पाटी, प्रत्येक माळवदावर नवीन खोल्या. गावोगावची पोरं पत्र्याची ट्रंक घेऊन यायची. आधी खोली, मग खाणावळ आणि तिसरी गोष्ट म्हणजे चाचांची गादी. चाचा कुणाचंच नाव लक्षात ठेवत नसत. सगळ्यांना एकच हाक, “ए बारावी!” अकरावीतला असला तरी बारावी. एकदा त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक इंजिनिअर होऊन, बायकोला घेऊन दुकान दाखवायला आलं. चाचांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “कोण, बारावी का? अन् ही?”

मी नायगावचा. वडील तिथल्या मोंढ्यात हमाल. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. गादी शिवून घ्यायला गेलो तेव्हा चाचांनी विचारलं, “कुशीवर झोपतोस का उताणा?”

घरी पाच भावंडांत जिथे जागा मिळेल तिथे पडायचं. आपण कसे झोपतो याचा विचार करायची वेळ कधी आलीच नव्हती. मी म्हणालो, “माहीत नाही.”

“पड इथं,” ते म्हणाले. मी दुकानातल्या फरशीवर पडलो. दोन मुली रस्त्यावरून हसत गेल्या. चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तू झोपत न्हाईस, बाबा. नुसता पडतोस.” माझ्या गादीत त्यांनी खांद्याच्या बाजूला थोडा जास्त कापूस भरला. का, ते सांगितलं नाही.

झोपेविषयी ते एखाद्या डॉक्टरसारखे बोलायचे. पण त्यांच्या स्वतःच्या घरात झोप नव्हती.

चाची दुकानामागच्या अंगणात बाजेवर बसलेल्या असायच्या. सकाळी जावं, दुपारी जावं, बसलेल्याच. भूकंप झाला तेव्हा त्या औशाकडच्या एका खेड्यात बहिणीच्या घरी गेल्या होत्या. दगड-मातीचं घर. चाचींना बाहेर काढलं, बहीण आणि तिची दोन लेकरं सापडायला दुसरा दिवस उजाडला. मी गल्लीत आलो तेव्हा या गोष्टीला पाच-सहा वर्षं झाली होती. पण चाची घरात झोपत नव्हत्या आणि अंगणातही झोपत नव्हत्या. मान पडायची, डोळा लागायचा, तेवढ्यात समोरच्या रस्त्याने एखादा ट्रक जायचा आणि त्या उठून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, आवाजाने जाग्या होतात. सगळ्या गल्लीला तसंच वाटायचं. कुणी कापसाचे बोळे कानात घालायला सांगायचं. गादीवाल्याच्या घरात कापसाला काय तोटा! चाचा मान डोलवायचे आणि सुईत दोरा ओवायचे.

वर्षातून तीन दिवस मात्र चाची झोपायच्या.

देगलूरच्या पलीकडे, एका तळ्याच्या काठी दर्गा आहे. थंडीत तिथे उरूस भरतो आणि तीन दिवस कव्वालीचे फड लागतात. आमच्याकडचे असतातच, पण सीमेपलीकडून तेलुगू बोलणारे येतात, कानडी बोलणारे येतात, हिंदू-मुसलमान सगळे येतात. शेतं रिकामी झालेली असतात. माणसं त्यांत पालं ठोकतात आणि तीन दिवस तिथेच राहतात. चाचा दरवर्षी टेम्पोभर गाद्या घेऊन जायचे आणि पालांतल्या लोकांना भाड्याने द्यायचे. सोबत चाचींना न्यायचे.

अकरावीच्या वर्षी मीही गेलो. गाद्या उतरवायला माणूस हवा होता, आणि मला कव्वाली काय असते ते पाहायचं होतं. चाचांच्या मागे त्या गर्दीत फिरणं हे एक शिक्षणच होतं. ते रस्ता कुणाला विचारत नसत. “बांगड्यांची रांग दिसली का? तिच्या पाठीमागं चुलीवाले. चुलीवाल्यांच्या मागं पाणी. पाण्यापाशी जागा धरू नको, तिथं चिखल अन् भांडण दोन्ही असतं.” उदगीरवाले कुठे उतरतात, निजामाबादकडचे कुठे, सगळं त्यांना पाठ. प्रत्येक रांगेत कुणीतरी हाक मारायचं, “या चाचा, इथं हाय जागा!” चाचा जायचे, चपला काढायचे, उताणे पडायचे. “नक्को.” पुढच्या ठिकाणी परत तेच. असं चार-पाच वेळा झाल्यावर मला वैताग आला. मी आपला समजत होतो की हा गादीवाल्याचा छंद आहे, पाठीखाली ढेकूळ लागतंय का ते बघतात.

शेवटी ते फडापासून खूप लांब, एका बांधाजवळ थांबले. तिथे पडून राहिले. फडात गाणं चालू झालं होतं.

“इथं शब्द येतात,” डोळे मिटूनच ते म्हणाले, “ढोलक येत न्हाई. हीच जागा.”

मी म्हणालो, “चाचा, कव्वालीत ढोलकीचीच तर मजा असते.”

“असंल की. ज्याला पाहिजे त्यानं जवळ जाऊन बसावं.”

आणि त्या जागेवर मी चाचींना झोपलेलं पाहिलं. तोंड किंचित उघडं, एक हात गादीबाहेर मातीवर. चाचा शेजारी बसून होते. वर्षभर ज्या कव्वालीची ते वाट बघायचे ती त्यांनी तीनही दिवस तिथूनच ऐकली. जागचे हलले नाहीत. चांगली ओळ आली की वाहवा म्हणायला तोंड उघडायचे, चाचींकडे बघायचे आणि नुसता हात वर करायचे.

पुढच्या वर्षी माझी खरोखरची बारावी होती. क्लासमध्ये परीक्षांवर परीक्षा चालू होत्या. मी घरी न सांगता आणि क्लासला खोटं सांगून एका दिवसासाठी गेलो. कारण या वेळी चाचांनी माझ्यावर काम सोपवलं होतं. एका नव्या होस्टेलच्या गाद्या त्याच दिवशी सकाळी पोचवायच्या होत्या. ते चाचींना घेऊन दुपारच्या एसटीने येणार होते. मी टेम्पोबरोबर पुढे जायचं आणि जागा धरून ठेवायची.

“पाठीला इचारल्याबिगर धरू नको,” त्यांनी दोनदा सांगितलं. “ती लई दिवस झोपली न्हाई, बारावी. या टायमाला लई वाट बघून राहिली.”

मी हो म्हणालो. मला कुणी एवढं मोठं काम आधी दिलं नव्हतं.

पोचलो तर बांधाजवळची जुनी जागा गेलेली. तिथे जीपगाड्या लावल्या होत्या. मग मी निघालो फिरायला. बांगड्यांची रांग सापडली, पण तिच्यामागे चुलीवाले नव्हते, पाळणे आले होते. उरूस एका वर्षात दुप्पट झाला होता. रिकामी जागा दिसली की कुणीतरी धावत येऊन चादर टाकायचं. मला भांडता येत नाही. मी “माफ करा” म्हणून पुढे जायचो.

दीड-दोन तासांनी कडुनिंबाच्या सावलीत एक छान तुकडा सापडला. सपाट, स्वच्छ, पाण्याचा टँकर हाकेच्या अंतरावर, पण चिखल नाही. एका बाजूला कापडी कनात उभी केलेली, त्यामुळे आडोसाही होता. मी चपला काढल्या आणि उताणा पडलो. मला इतकी लाज वाटत होती की डोळे घट्ट मिटून घेतले. लगेच बायकांचा आवाज, “अगं बया, पोराला भोवळ आली! पाणी आणा!” कुणीतरी तोंडावर पाणी मारलंसुद्धा. मी उठून बसलो आणि म्हणालो, “नाही, मी जागा बघतोय.” त्यावर त्या जास्तच हसल्या. “बघा, डोळे झाकून बघून राहिलाय!” पाठीखाली एकही ढेकूळ नव्हतं. मी गाद्या टाकल्या.

तेवढ्यात कनातीमागून मंडपवाल्यांचा एक माणूस डोकावला. “इथं राहणार का तुम्ही? पाठीमागं जनरेटर हाय बरं. हैदराबादहून मागवलाय. दिवस कलला की चालू होईल.”

मी विचारलं, “आवाज येईल का?”

“येईल की थोडा.”

मी विचार केला, उरसात आवाज असणारच. गेल्या वर्षी चाची कव्वालीत झोपल्याच होत्या. आणि खरं सांगायचं तर आता पुन्हा उठून जागा शोधायचा, पुन्हा लोकांसमोर उताणं पडायचा धीर माझ्यात नव्हता.

चार वाजता चाचा-चाची आले. चाचांनी सगळीकडे बघितलं, झाड बघितलं, चपला काढल्या आणि पडले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळा उघडला.

“शाब्बास, बारावी.” मग चाचींकडे वळून म्हणाले, “देख गे, कैसी जगा धऱ्या पोरगा.”

चाची माझ्याकडे बघून हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जनरेटरचं सांगायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण सांगितलं तर ती शाब्बासकी गेली असती. मी सांगितलं नाही. आता वाटतं, तेव्हा चार शब्द बोलायला असे कितीसे कष्ट होते!

चाची आडव्या झाल्या आणि पाहता पाहता झोपल्या. चाचांनी त्यांच्या पायांवर रजई घातली. मला म्हणाले, “तू बस. मी तिकडं पालांत गाद्या पोचवून येतो.” मी पुस्तक उघडून बसलो. ऊन पिवळं झालं होतं. माणसं दर्ग्याकडे निघाली होती.

कनातीमागे आधी नुसती खोकल्यासारखी घरघर झाली, मग जनरेटर चालू झाला. आवाज फार नव्हता, मला त्यात वाचता आलं असतं. पण मी ज्या सतरंजीवर बसलो होतो ती थरथरू लागली. तांब्यावरचं झाकण किणकिणायला लागलं. हाडांतून दातांपर्यंत काहीतरी चढत होतं.

चाची ओरडल्या नाहीत. त्या उठल्या आणि पळाल्या. अनवाणी, पदर मागे लोंबता. मी “चाची, चाची” करत मागे धावलो. बांगड्यांच्या रांगेपर्यंत मला त्यांचा हिरवा पदर दिसत होता. पुढे पाळण्यांची गर्दी आली आणि तो दिसेनासा झाला.

चाचा सापडेपर्यंत मी रडकुंडीला आलो होतो. कसंबसं सांगितलं. जवळच उरसाच्या कमिटीचा मंडप होता. तिथला माणूस माइक हातात घेऊन म्हणाला, “नाव सांगा चाचा, पुकारतो.”

“नक्को,” चाचा म्हणाले. “आवाजाकडं यायची न्हाई ती. जमीन जिथं गप हाय, तिथं जाईल.”

त्यांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि अनवाणी चालायला लागले. दोन पावलं टाकायची, थांबायचं. पुन्हा दोन पावलं. टाच जमिनीवर दाबून ते उभे राहायचे, आणि मग दिशा बदलायची. मी त्यांच्या मागे. नकळत मीही चपला काढल्या. तेव्हा तळपायांना ते लागलं. इथे बारीक थरथर, पलीकडे थोडी कमी, फडाच्या बाजूला जुळवणी चाललेल्या ढोलकीचा ठोका, मातीतून येणारा. मी थांबलोच.

“चाचा,” मी म्हणालो, “म्हणजे तुम्ही पाठीला विचारता ते…”

“मग काय ढेकळं मोजतो व्हय मी?” ते मागे न बघता म्हणाले. दोन पावलं पुढे जाऊन, हळू आवाजात म्हणाले, “भिंतीला भीत न्हाई ती. आवाजाला बी न्हाई. जमिनीला भेती. आता सांग, जमिनीला भेणाऱ्या बाईला न्यायचं कुठं?”

मी तेव्हा क्लासमध्ये लहरींचा धडा करत होतो. वारंवारता, आयाम, सगळी सूत्रं मला येत होती.

आम्ही पालं मागे टाकली, घोडेवाले मागे टाकले. उरसाच्या अगदी कडेला बैलगाड्या सोडल्या होत्या, त्यांतल्या एका गाडीत, कडब्यावर, चाची झोपल्या होत्या. खरोखर झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं. गाडीवाला म्हातारा बैलांना पाणी दाखवत होता. देवणीकडचा होता, बैलही तिकडचेच, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले.

“तुमची मालकीण का?” त्याने चाचांना विचारलं. “आली, चाकावर हात ठेवला, वर चढली अन् झोपली. बाईमाणूस, मी काय बोलणार? पण आता मला निघायचं हाय. आज देगलूरपातुर गेलो तर परवा गाव गाठंल. उठवता का जरा?”

चाचा गाडीपाशी गेले. चाचींकडे बघत उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

“देगलूरला माझी बहीण राहती,” ते म्हणाले. “मालक, नेता का हिला तशीच? मी चालत येतो मागून.”

म्हातारा म्हणाला, “नेतो की. पण गाडी खडखड हालती, चाचा. जागी व्हईल ती.”

“न्हाई व्हायची,” चाचा म्हणाले. “गाडी बैल हालवतेत. ते झोपंतबी ठावं हाय तिला. हालण्याला भीत न्हाई ती, मालक. कोण हालवतंय ते दिसंना, तर भेती.”

म्हाताऱ्याने बैल जुंपले. मी चाचांच्या चपला त्यांच्या पायांपाशी ठेवल्या आणि एकदम म्हणालो, “चाचा, जनरेटरचं मला माहीत होतं. त्या माणसाने सांगितलं होतं.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. भुवयांवर त्या दिवशी कापूस नव्हता, त्यामुळे चेहरा सगळा दिसत होता. रागावलेला नव्हता. फार थकलेला होता.

“मी कशाला पडून बघतो, ते तुला कुठं सांगितलं होतं?” ते म्हणाले. “लोकं हसतेत म्हणून मी बी हसण्यावारी नेत ऱ्हायलो. एवढ्या वर्षांत कुणालाच सांगितलं न्हाई.” मग म्हणाले, “जा. गाद्यांपाशी कुणी न्हाई. उद्या टेम्पो आला की घेऊन जा. अन् अभ्यास कर.”

मी बारावी झालो आणि पुढच्या शिक्षणासाठी नांदेडला गेलो. चाचा चाचींना घेऊन बहिणीकडून महिन्याभराने परतले होते, पण मी त्या वर्षी दुकानात फारसा गेलो नाही. गेलो की ते नेहमीसारखंच बोलायचे, आणि तेच मला सोसायचं नाही. दोन वर्षांनी लातूरला गेलो तेव्हा शेडला कुलूप होतं. देगलूरकडे कुठेतरी शेतात खोप करून राहतात, रस्त्यापासून लांब, एवढंच शेजाऱ्याला माहीत होतं. शेडच्या जागी आता अभ्यासिका आहे. मुलं रांगेने बसून वाचत असतात. गल्लीत त्यांच्याविषयी विचारलं तर लोक म्हणतात, “हां, ते जमिनीवर झोपायचे ते!” आणि हसतात. मी प्रत्येक वेळी सांगायचं ठरवतो. कधी सांगतो, कधी राहून जातं. आज तुम्हाला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी लगेच गाद्यांकडे गेलो नाही. तिथेच उभा राहिलो. मागे दिवे लागले होते, पहिला कव्वाल सूर लावत होता. गाडी शेतातून पायवाटेला लागली, चाकं खड्ड्यात जाऊन वर आली, चाची हलल्या, कुशीवर वळल्या आणि त्यांचा एक पाय कडब्यातून बाहेर आला. चाचांनी तो तळहातावर धरला. आणि तसाच धरून, गाडीच्या चालीने, ते मागे मागे चालत गेले.